दोन बाजूंचे संगीत

“हे संगीत म्हणायचे की भांडी आपटणे?” हार्ड रॉक हा शब्द काढला की आपल्या घराघरांतून हा प्रश्न ठरलेला. प्रश्न विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. ज्या कानांवर लहानपणापासून अभंग, भावगीते आणि लग्नसराईतली सनई पडलेली असते, त्यांना इलेक्ट्रिक गिटारीचा गडगडाट आणि घसा खरवडून गाणारा गायक एकदम रुचावा, अशी अपेक्षाच का करावी? पण आपण कला शाखेचे विद्यार्थी आहोत. मर्ढेकरांची कविता प्रथम वाचली तेव्हाही अनेकांना ती कविता वाटली नव्हती. ती कशी वाचायची हे आधी कळावे लागले, मग ती उमगली. ह्या संगीताचेही तसेच आहे. ते सर्वांना आवडावे असा माझा मुळीच आग्रह नाही. ते कसे घडले आणि कसे ऐकायचे, एवढे समजून घ्यायला मात्र कुणाची हरकत नसावी.

ह्या लेखात मी साधारणपणे १९७६ ते १९८२ ह्या सहासात वर्षांतल्या हार्ड रॉकच्या दीर्घ ध्वनिमुद्रिकांविषयी, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘एल. पी.’ रेकॉर्डींविषयी, लिहिणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : हे संगीत सुट्या गाण्यांचे नाही, तबकडीचे आहे. नाटककाराला जसा रंगमंच, तशी ह्या कलावंतांना तबकडी. म्हणूनच ज्यांना तबकडी मिळाली त्यांचे नाव आणि काम दोन्ही राहिले. ज्यांना ती मिळाली नाही, आणि त्यांत आपल्या गावची मुलेही आली, त्यांचे जवळजवळ काहीच उरले नाही.

तबकडीची शिस्त

जुनी ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे वाजत असे. मैफलीत तासभर फुलणारा राग अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांत बसवला. बालगंधर्वांची पदे घरोघर पोचली तीही त्याच मापात. कलावंताने साधनाला शरण जायचे की त्या साधनाचेच सौंदर्य करायचे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणारी, बारा इंच व्यासाची रेकॉर्ड बाजारात आणली. आता एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावू लागले. त्याहून जास्त मावत नव्हते असे नाही. पण त्याची किंमत मोजावी लागे. रेकॉर्डीवर कोरलेली खाच सुईला डावी-उजवीकडे हलवते. आवाज जितका मोठा आणि जितका खर्जातला, तितकी खाच रुंद हेलकावे घेते आणि तितकी जास्त जागा खाते. एका बाजूवर फार मिनिटे कोंबायची तर खाचा चिकटून कोराव्या लागतात आणि आवाज दबका ठेवावा लागतो. ज्यांना दणदणीत वाजवायचे होते, त्यांना म्हणूनच थोडक्यात बोलणे भाग होते!

दुसरी गोष्ट याहून गमतीची. तबकडी सारख्या गतीने फिरते. पण कडेचा घेर मोठा आणि मध्याजवळचा लहान. साहजिकच कडेला असताना सुईखालून एका सेकंदात खाचेची जास्त लांबी सरकते, मध्याकडे येता येता कमी. मध्याजवळ तारस्वरांतले बारकावे नीट उमटत नाहीत. म्हणून रेकॉर्ड रचणारे सर्वांत जोरकस गाणे बाजूच्या आरंभी ठेवत आणि तुलनेने शांत गाणे शेवटाकडे. म्हणजे एका एल. पी.ला दोन आरंभ आणि दोन शेवट. हे सरळसरळ दोन अंकी नाटकच झाले. पहिली बाजू संपली की श्रोत्याने उठायचे, तबकडी उलटवायची, सुई ठेवायची. एवढाच काय तो मध्यंतर, आणि दुसरा पडदा वर जायचा.

आज फोनवर आपण गाणी हवी तशी, हव्या त्या क्रमाने ऐकतो. सोय झाली यात शंका नाही. पण ‘एकच प्याला’चा तिसरा अंक आधी वाचून मग पहिला वाचावा, तसे ते होते.

षड्ज, पंचम आणि गडगडाट

आता त्या गडगडाटाकडे वळू. ध्वनिवर्धकाला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त जोराचा संदेश दिला की ध्वनिलहरींचे माथे सपाट होतात आणि मूळ स्वरात नसलेले जादा स्वर त्यातून निघू लागतात. गणपतीच्या मांडवातला भोंगा फार चढवला की तो खरखरतो, तेच हे. रॉकवाल्यांनी ह्या दोषालाच गुण मानले. खरखरीमुळे स्वर लांब टिकतो, भरीव होतो, आणि गिटार सतारीसारखी क्षणात विरून न जाता सारंगीसारखी रेंगाळते.

पण एक अडचण होती. दोन-तीन स्वर एकत्र छेडले की ह्या खरखरीत त्यांच्या मिश्रणातून आणखी स्वर जन्मतात. षड्ज, गंधार आणि पंचम असे तिन्ही एकदम वाजवले, तर जादा स्वरांची गर्दी होऊन नाद गढूळ होतो. गंधार वगळून नुसते सा आणि प वाजवले, तर मात्र चमत्कार होतो. ह्या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण २ : ३ असते, आणि त्यांच्या मिश्रणातून निघणारा ठळक जादा स्वर हा नेमका खालच्या सप्तकातला सा असतो! दोन तारा छेडाव्यात आणि तिसरी खर्जाची तार आपोआप बोलावी, असा हा हिशेब. इंग्रजीत याला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात. हार्ड रॉकची सारी इमारत ह्या षड्ज-पंचमावर उभी आहे.

वाचकहो, सा आणि प ही जोडी आपल्याला नवी आहे काय? ती तर आपल्या तंबोऱ्याची जोडी! गंधार शुद्ध की कोमल, म्हणजे सूर आनंदाचा की उदास, हे तंबोरा सांगत नाही. ते गायकाने सांगायचे असते. पॉवर कॉर्डही ते सांगत नाही. तेही गायकावर आणि गिटारीच्या सुट्या सुरांवर सोडलेले असते.

ह्या सा-पमधून बांधलेला एक छोटा, ठाशीव स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतो. त्याला ‘रिफ’ म्हणतात. आपल्या बंदिशीचा मुखडा जसा समेवर परत येतो, तसा तो येतो. फरक एवढाच, की मुखड्याभोवती आपल्याकडे विस्तार होतो; रिफचा विस्तार होत नाही. तोच घाव, त्याच जागी, तितक्याच वजनाने घालण्यात त्याची करामत. लोहाराचा घण आठवावा.

लोहाराची उपमा मी उगीच दिलेली नाही. ह्या संगीताला जड, लोखंडी नाद देणारा पहिला मोठा गिटारवादक म्हणजे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करताना यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, आणि पुढे दाबायला सोप्या जाव्यात म्हणून तारा सैल केल्या. सैल तारांचा स्वर खाली उतरला आणि त्या उतरलेल्या स्वरातून ‘ब्लॅक सॅबथ’ ह्या वाद्यवृंदाचा गंभीर नाद तयार झाला. त्यांची पहिली एल. पी. १९७० सालची. पुढच्या दहा वर्षांतल्या सगळ्या हार्ड रॉकवर तिची सावली आहे.

चार तबकड्या

एवढी तयारी झाल्यावर चार तबकड्या उदाहरणादाखल घेतो. याहून चांगल्या नाहीत असे नव्हे. पण तबकडीचा उपयोग कसा केला हे ह्या चौघींत स्वच्छ दिसते.

पहिली १९७६ सालची ‘रेनबो’ ह्या वाद्यवृंदाची ‘रायझिंग’. गिटारवादक रिची ब्लॅकमोर, गायक रॉनी जेम्स डिओ, ड्रमवर कोझी पॉवेल. संपूर्ण रेकॉर्डीवर गाणी अवघी सहा. चार पहिल्या बाजूला आणि दोनच दुसऱ्या बाजूला, प्रत्येकी आठ-आठ मिनिटांची. दुसरी बाजू म्हणजे एक खंडकाव्यच. एक मांत्रिक आकाशात उडण्याच्या हव्यासापायी हजारो गुलामांकडून दगडी मनोरा बांधून घेतो. ही कथा सांगतो तो मांत्रिक नव्हे, तर दगड वाहणारा एक गुलाम. अखेरीस मांत्रिक मनोऱ्यावरून झेप घेतो आणि खाली कोसळतो. त्यानंतरचे गाणे मागे उरलेल्या गुलामांचे : आता मोकळे झालो, पण जायचे कुठे? पहिल्या गाण्यात म्युनिकचा मोठा वाद्यमेळ साथीला आहे. दुसऱ्यात साथ नाही, नुसती धाव आहे. ही दोन गाणी सुटी ऐकली तर दोन गाणी; लागोपाठ ऐकली तर एक कथा.

दुसरी १९७७ सालची, ‘क्वीन’ची ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’. ह्या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारूख बलसारा. जन्म १९४६ साली झांझिबारला, पारशी कुटुंबात. पण त्याचे शालेय शिक्षण झाले ते आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. शाळेतल्या ‘हेक्टिक्स’ ह्या पोरांच्या वाद्यवृंदात तो पियानो वाजवीत असे. पाचगणीच्या थंड हवेतून निघालेला हा मुलगा पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या मैदानांवर गायला. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’चे पहिलेच गाणे बघा. त्यात ड्रम नाही. फळ्यांवर दोनदा पाय आपटणे आणि एक टाळी, बस्स! गिटार येते ती अगदी शेवटी. मोठा जमाव एकत्र पाय आपटतो आहे असा भास व्हावा म्हणून तोच आवाज अनेकदा मुद्रित करून किंचित मागे-पुढे ठेवला आहे. हा हिशेब बसवणारा गिटारवादक ब्रायन मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. पुढे २००७ साली त्याने खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळवली. आपल्या गॅदरिंगमध्ये आणि क्रिकेटच्या मैदानावर पोरे आजही जे ‘धम् धम् टाळी’ करतात, ते हेच. बापूच्या कुटीसमोरचा टाळकरीही ते पहिल्या ऐकण्यात शिकेल, इतके ते सोपे आहे.

तिसरी १९८० सालची, ‘जुडास प्रीस्ट’ची ‘ब्रिटिश स्टील’. हा वाद्यवृंदही बर्मिंगहॅमकडचाच. ब्रिटिश स्टील हे तिथल्या सरकारी पोलाद महामंडळाचे नाव. त्याच वर्षी जानेवारीपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत तिथल्या पोलाद कामगारांचा देशव्यापी संप चालला आणि एप्रिलमध्येच ही रेकॉर्ड निघाली. तिच्या एका गाण्यात बेकार तरुण कायदा मोडायला निघतो, दुसऱ्यात यंत्रे माणसांवर राज्य करतात. ह्या यंत्रांच्या पावलांचा आवाज कसा काढला असेल? हवा तो आवाज पेटीत साठवून देणारी यंत्रे तेव्हा त्यांच्या हाताशी नव्हती. तेव्हा ह्या मंडळींनी सुऱ्या-काट्या-चमच्यांनी भरलेला ट्रे हलवून आणि आपटून तो मुद्रित केला. दुसऱ्या गाण्यासाठी दुधाच्या बाटल्या फोडल्या. सारांश, आरंभीच्या आक्षेपात तथ्य आहे. भांडी आपटली आहेत! पण ती मोजून-मापून, तालात, आणि लोखंडाच्या गावाची गोष्ट सांगण्यासाठी आपटली आहेत.

चौथी त्याच वर्षाच्या जुलैतली, ऑस्ट्रेलियाच्या ‘एसी/डीसी’ची ‘बॅक इन ब्लॅक’. फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांचा गायक बॉन स्कॉट अतिमद्यपानानंतर वारला. मंडळी मोडणार असे वाटत असतानाच त्यांनी ब्रायन जॉन्सन हा नवा गायक घेतला आणि एप्रिल-मे महिन्यांत बहामा बेटांवर ही रेकॉर्ड केली. मुखपृष्ठ संपूर्ण काळे. पहिल्या बाजूच्या आरंभी एक घंटा सावकाश टोले देते. दुसऱ्या बाजूच्या आरंभी शीर्षकगीत, त्यातला रिफ तर जगभरची मुले गिटार हातात आली की प्रथम शिकतात. म्हणजे पहिला अंक मृत्यूच्या घंटेने उघडतो आणि दुसरा ‘परत आलो’ ह्या घोषणेने. ही एक विलापिका आहे, पण तिच्यात एकही अश्रू नाही. मित्र गेल्यावर मित्रांनी त्याच्या आवडीचेच वाजवले. याच रेकॉर्डीतल्या काही गाण्यांतली स्त्रीविषयक भाषा सवंग आहे, आणि ज्याला दारूने नेले त्याच्या स्मरणार्थ काढलेल्या रेकॉर्डीत दारूची मैफल गाणारे गीतही आहे. हे मला खटकते आणि ते लिहिलेच पाहिजे. कलाकृतीवर प्रेम करायचे म्हणजे तिचे वकीलपत्र घ्यायचे, असे नव्हे.

आपल्याकडे काय झाले?

पत्र्याचे आणि पोलादाचे कारखाने, बेकारी, संप ही ज्या संगीताची जन्मभूमी, ते नागपूरकरांना तर जवळचे वाटायला हवे होते. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली टाटांची एम्प्रेस मिल आपल्याच गावची. तिच्या भोंग्यावर निम्मे शहर उठत आणि जेवत असे. आज त्या जागेचा एक भाग मॉलने व्यापला आहे.

पण आपल्याकडे गणित उलटे झाले. तिकडे रॉक कामगारांच्या वस्तीतून वर गेले. इकडे ते वरून, इंग्रजी शाळांतून आणि सुखवस्तू घरांतून, खाली यायला निघाले आणि जिन्यातच थांबले. गिरणीच्या वस्तीतल्या मुलाला इलेक्ट्रिक गिटार परवडणे शक्यच नव्हते. वही आणि पेन परवडत होते. म्हणून बर्मिंगहॅमच्या मुलांनी जे गिटारीतून सांगितले, ते आपल्याकडे कवितेतून सांगितले गेले. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपीठा’ आला, त्याच वर्षी दलित पँथर स्थापन झाली. त्या शब्दांचा आवाज कुठल्याही ध्वनिवर्धकाहून मोठा होता. राग तोच, वाद्य वेगळे.

तरीही मराठी माणूस ह्या प्रांतात अजिबात गेला नाही असे नाही. नंदू भेंडे यांचे नाव आपण विसरता कामा नये. आत्माराम आणि आशा भेंडे ह्या नाट्यकलावंत दांपत्याचा हा मुलगा मुंबईच्या रॉक वाद्यवृंदांतून गाऊ लागला. १९७४ साली अलेक पदमसींनी मुंबईत ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतनाट्य केले, त्यात भेंडे यांनी जुडासची भूमिका गायली. मूळ ‘सुपरस्टार’ हे १९७० साली रंगमंचावर येण्याआधी एल. पी. म्हणूनच निघाले होते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. तबकडीच नाटकाची आई झाली! पुढे १९७८ साली पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’चे ‘तीन पैशाचा तमाशा’ केले, पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीसाठी जब्बार पटेलांनी ते बसवले, आणि त्यात नंदू भेंडे अंकुश झाले. लावणीच्या आणि नाट्यपदांच्या मराठी रंगभूमीवर रॉकचा गळा उभा राहिला तो असा. २०१४ साली ते गेले.

भेंड्यांच्या त्या दिवसांत मुंबईत रॉकचे वाद्यवृंद पुष्कळ होते. पण हॉटेलवाल्यांना हवी असत विलायती गाण्यांची नक्कल, आणि रेकॉर्ड कंपन्यांना हवी असत सिनेमाची गाणी. स्वतःची रचना करून दीर्घ ध्वनिमुद्रिका काढणे फारच थोड्यांना साधले. ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ ह्या मुंबईच्या वाद्यवृंदाची ‘ऑब्सेशन’ ही एकच एल. पी. निघाली. पुढे तीस-एक वर्षे ती विस्मृतीत होती. मग २०११ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने ती शोधून पुन्हा काढली आणि जगातल्या रसिकांना कळले की मुंबईत असे काही वाजत होते. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ची ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आली ती थेट १९८८ साली. मधल्या काळात जे शेकडो संध्याकाळी वाजले, ते हवेत विरले. ‘ऑब्सेशन’ तरी काय, तबकडी होती म्हणूनच सापडली.

आणि आपल्या गावात?

हे संगीत नागपुरात पोचले ते बहुतेक कॅसेटवरून. माझे थोरले मामा १९८० ते १९८४ ह्या काळात आपल्याच महाविद्यालयात शिकत होते. त्यांच्या ट्रंकेत आजही नव्वद मिनिटांच्या बारा कॅसेटी आहेत, वर निळ्या बॉलपेनने नावे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीला प्रत्येक बाजूस पंचेचाळीस मिनिटे मिळतात, म्हणजे एका बाजूवर अख्खी एल. पी. मावते. त्यामुळे मध्यंतर नाहीसा झाला. शिवाय ‘रायझिंग’ जेमतेम चौतीस मिनिटांची. उरलेली दहा-अकरा मिनिटे वाया कशी घालवायची? उतरवून देणाऱ्याने तिथे मेहदी हसनच्या दोन गझला भरल्या. मामा सांगतात, “माझ्यासाठी ती रेकॉर्ड गझलेशिवाय पूर्णच होत नाही.” मांत्रिक मनोऱ्यावरून कोसळतो, गुलाम मोकळे होतात, आणि मग मेहदी हसन! नागपूरची आवृत्ती ही अशी.

मामांनी आणि त्यांच्या तीन मित्रांनी मिळून स्वतःचा बॅण्ड काढला होता. आजी तेव्हा म्हणायची, “काहून रे, कोणाच्या लग्नात वाजवून राहिले तुम्ही?” आपल्याकडे बॅण्ड म्हटले की लग्नाचाच. कलकत्त्याची एक गिव्हसन गिटार चौघांत मिळून घेतलेली. ड्रमची जोडणी खरोखरीच एका लग्नाच्या बॅण्डवाल्याकडून भाड्याने आणलेली. बोटे कुठे ठेवायची हे सदरमधल्या एका ख्रिस्ती अंकलनी शिकवलेले. ध्वनिवर्धक मांडववाल्याचा. तो फार चढवला की आपोआप खरखरायचा, त्यामुळे विलायती खरखर विकत घ्यावी लागली नाही.

१९८३ च्या गॅदरिंगमध्ये त्यांनी पाच गाणी वाजवली. चार इंग्रजी, पाचवे त्यांचे स्वतःचे, आणि मराठी. नाव ‘भोंगा’. ते लिहिले होते बेस वाजवणाऱ्या मित्राने. त्याचे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. म्हणजे जिन्यात थांबलेले ते संगीत एका संध्याकाळी गिरणीच्या दारापर्यंत येऊन पोचले होते! बर्मिंगहॅमच्या मुलांनी जे केले, तेच आपल्या गावच्या मुलाने आपल्या भाषेत केले होते. तो मित्र आता हयात नाही. त्याची वही कुठे गेली हे कुणालाच ठाऊक नाही. मामांना ध्रुपदाच्या दोन ओळी आठवतात, तिसरी अर्धवट, आणि तो रिफ : सा सा, कोमल ग, पुन्हा सा.

मी ग्रंथालयात जाऊन त्या वर्षीचा वार्षिकांक काढला. पिवळ्या पडलेल्या पानांवर त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या अकरा कविता आहेत, तीन कथा आहेत, वादविवाद स्पर्धेचा निकाल आहे. कविता साऱ्याच चांगल्या आहेत असे नाही. पण त्या आहेत. चाळीस वर्षांनी मी त्या वाचू शकलो. गॅदरिंगच्या वृत्तान्तात मामांच्या बॅण्डविषयी एक वाक्य आहे : काही विद्यार्थ्यांनी पाश्चात्त्य संगीत सादर केले. नावे नाहीत. मराठी गाण्याचा उल्लेख नाही. वृत्तान्त लिहिणाऱ्याला बोल लावण्याचे कारण नाही. ऐकलेले कागदावर उतरत नाही, ही सगळ्यांचीच अडचण.

मग मी मामांना गिटार हातात घ्यायला लावली. पहिल्यांदा नाही म्हणाले; बोटे वळत नाहीत म्हणाले. शेवटी वाजवला तो रिफ, त्यावर त्या दोन ओळी गुणगुणल्या आणि थांबले. मी फोनवर मुद्रण केले. लांबी चाळीस सेकंद. त्या बॅण्डचे समग्र वाङ्मय ते एवढेच.

‘भोंगा’ हे गाणे चांगले होते की नाही, हे मला सांगता येणार नाही, कुणालाच सांगता येणार नाही. खरी हानी हीच. चांगल्या-वाईटाचा निवाडा करायला आधी कृती समोर असावी लागते. ‘बॅक इन ब्लॅक’मध्ये काय खटकते हे मी वर बिनदिक्कत लिहू शकलो, कारण ती तबकडी जगात आहे. ‘भोंगा’वर टीका करण्याचाही मान त्याला मिळाला नाही.

आज तबकडी कोरायला कारखाना लागत नाही. प्रत्येकाच्या खिशात मुद्रणयंत्र आहे. आपल्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी निदान दोन-तीन गट स्वतःची गाणी म्हणतात. मागल्या वर्षी तर वऱ्हाडीत रॅप करणारी मुलेही होती. शेकडो फोन ते टिपतात आणि पुढच्या परीक्षेपर्यंत ते सारे पुसलेही जाते. म्हणून माझी प्राचार्यांना आणि विद्यार्थी मंडळाला एक साधी विनंती आहे. दर गॅदरिंगमधल्या स्वतंत्र रचनांचे एक नीट मुद्रण करावे. गाण्याचे शब्द, रचना करणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची नावे, तारीख हे सर्व कागदावर लिहून घ्यावे. आणि ते मुद्रण व तो कागद त्या वर्षीच्या वार्षिकांकाशेजारी ग्रंथालयात ठेवावा. खर्च जवळजवळ नाही. एक कपाट आणि एक जबाबदार माणूस पुरे.

ज्यांना वर सांगितलेल्या चार तबकड्या ऐकायच्या असतील त्यांनी त्या क्रमाने, एकेक बाजू न थांबता ऐकाव्यात. मध्ये उठून पाणी प्यावे आणि मग दुसरी बाजू लावावी. ‘भोंगा’चे ते चाळीस सेकंद मी ग्रंथपालांकडे देऊन ठेवले आहेत. कपाटातली पहिली नोंद म्हणून ते चालतील.